न खोलता परत दिलेली गाडी

पनवेल सोडताना

रोह्याकडे जाणाऱ्यांची कारणं साधारण ठरलेली असतात. कुणाची सासुरवाडी तिकडं, कुणाची कंपनीत नोकरी, कुणाला कोलाडला नदीत रबरी बोटीतून आपटून घ्यायची हौस. मी गेलो ते भांडायला. ज्यांनी तो रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी लिहितो आहे. खाणं चांगलं आहे, माणसं कमी बोलतात, आणि त्यांचं ते कमी बोलणंच महागात पडतं.

माझा टाइल्सचा धंदा आहे. सुरुवात केली ती टेम्पोच्या हौद्यात लाद्यांच्या पेट्या धरून बसण्यापासून. पुढं टेम्पो आला, ट्रक आले, गोडाऊन आलं. म्हणजे आयुष्यभर रस्ता मी उंचावरून पाहिला. पन्नाशी उलटल्यावर वाटलं, एकदा रस्त्याला टेकून जावं. आजवर कामाशिवाय मी काही विकत घेतलं नव्हतं. ही गाडी तेवढी बिनकामाची म्हणून घेतली.

गाडी रोह्याच्या प्रधानांची. कंपनीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, एकटा राहणारा माणूस. गाडी जपानी, दोन सीटची, टप मागं दुमडणारी, गडद हिरवी. वय वीसच्या पुढं, पण ठेवलेली अशी की नव्यानं लाजावं. प्रधानांचा गुडघा गेला, एवढ्या खाली बसता-उठता येईना, म्हणून विकायला काढली. दिवाळीच्या आधी मी आणि बायको, सुलभा, बघायला गेलो. कुंडलिकेच्या काठाकाठानं चक्कर मारली. गाडी रस्त्यावर अशी पसरून चालली होती की खड्डा डोळ्यांना दिसायचा, पण पाठीला कळायचा नाही. उतरताना सुलभाला मात्र हात धरून ओढून काढावं लागलं, इतकी ती बसकी.

मग आम्ही भावाला बसलो. त्यांनी सांगितलं, मी पाडलं. चहावर चहा झाले. मला समोरचा माणूस थकलेला कळतो. प्रधान थकले आणि हो म्हणाले.

गाडी आणायच्या दिवशी माझ्याकडं मोरबीच्या लाद्यांचा माल उतरायचा होता, म्हणून मेहुण्याला पाठवलं. नरेश खांबला राहतो, धाटावच्या कंपनीत कामाला आहे, गाडी हळू हाताची चालवतो. त्यानं पनवेलला आणून किल्ली दिली आणि चहाही न घेता एसटी पकडली. दुसऱ्या दिवशी मी बसलो. पहिल्याच स्पीडब्रेकरला, कवळी असती तर मांडीवर आली असती.

आधी वाटलं हवा जास्त असेल. हवा कमी केली. डिकीतलं सगळं सामान काढलं. रस्ता बदलून बघितला. फरक नाही. खड्डा राहू द्या, रस्त्यावर पडलेली दोरीसुद्धा मणक्याला कळायची. मग मी बोनेटचा कोपरा दाबून बघितला. कुठलाही माल घेताना दाबून बघायची मला सवय आहे. रोह्याला दाबला होता तेव्हा गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. आता दाबला तर लादीवर हात ठेवल्यासारखं.

माझ्यापुरतं निदान झालं. सौदा ठरल्यानंतर आणि गाडी हातात येण्याआधी आतलं काहीतरी बदललं होतं. धंद्यात हे नवीन नाही. भाव फार पाडला की विकणारा मालात वसूल करतो. सॅम्पल एक दाखवायचं, पेटीत दुसरं भरायचं. प्रधानांनी चांगले शॉकअप काढून ठेवले आणि भंगारातले बसवले. फोन केला तर म्हणतात, "टायर जुने झालेत का बघा. हवा किती ठेवलीय?" मला! हवेचं! मी फोन ठेवला. गाडी अजून त्यांच्याच नावावर होती, बदलाचे कागद द्यायचे राहिले होते. हेच माझ्या हातातलं पान. संक्रांत झाल्यावर सुलभाला म्हटलं, चल, गाडी त्याच्या दारात नेऊन उभी करू.

पेण

हायवेवर काँक्रीटचे तुकडे जिथं जोडलेत तिथं प्रत्येक सांध्याला गाडी दात वाजवत होती. सुलभानं घरून उशी आणली होती. ती आधी पाठीला लावली, मग खाली घेतली, मग मांडीवर घेऊन बसली.

"हिला गाडी म्हणायचं की जातं?" ती म्हणाली.

"जात्यात निदान पीठ पडतं," मी म्हटलं.

पेण गाव मला आवडतं. इथं थंडीतही गणपती चालू असतात. रस्त्याकडेच्या कारखान्यांत रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीनं बसलेल्या, डोळे अजून उघडायचे. दारादारात पोह्याचे पापड वाळत घातलेले. माझ्या मूळच्या सिन्नरकडं माणूस एवढी नाजूक वस्तू करील आणि उघड्यावर ठेवील यावर माझा विश्वास बसत नाही. इथं ठेवतात आणि वर जेवायला जातात.

स्टँडच्या पुढं अस्लमभाईचं गॅरेज आहे. माझे टेम्पो कधीकधी तिथं थांबतात, म्हणून ओळख. प्रधानांकडं जायच्या आधी मला एक साक्षीदार हवा होता. मेकॅनिकनं बघितलं आणि शॉकअप बदललेले आहेत असं सांगितलं की काम झालं.

अस्लमभाईनं गाडीभोवती एक फेरी मारली. "शेठ, ही बसकी गाडी. खाली जॅक जायचा नाय. फळ्या लावून चढवावी लागेल." मग त्यानं सहज जॅक सरकवून बघितला. तो आरामात गेला. "गेला की! मला वाटलं पोट टेकलेलं असेल."

"नशीब तुझं."

त्यानं गाडी एका बाजूनं उचलली आणि पाना घेऊन चाकाशी बसला. "चाक काढून आत हात घालतो. दोन मिनिटांत कळेल काय दुखतं ते."

"थांब," मी म्हटलं. "नट फिरवायचा नाही."

"म्हणजे?"

"एकही नट फिरवायचा नाही. तू खोललंस की तो म्हणणार, तुम्हीच बदललंत. सील तुटलेली पेटी कुठला दुकानदार परत घेतो का? जसा आणला तसा माल त्याच्या दारात जायला पाहिजे."

"मग मी बघू कुठनं?"

"बाहेरून. टॉर्च मार आणि सांग."

अस्लमभाई पोत्यावर आडवा झाला, टॉर्च मारली. "शॉकअपवरची धूळ तर जुनीच हाय शेठ. बदललेत असं काय वाटत नाय. पण स्प्रिंगला कायतरी..." आणि त्याचा हात आत गेला.

"हात काढ!" मी ओरडलो. समोरच्या हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. "पुराव्याला हात लावू नको म्हटलं ना!"

तो बाहेर आला, कपडे झटकले, जॅक काढला. "शेठ, डाक्टरकडं पेशंट आणायचा आणि म्हणायचं, सदऱ्याचं बटन काढू नका. अन् वर विचारायचं, काय झालंय?"

"तुझे किती झाले?"

"काय नाय. मी केलंच काय?"

त्याचं बोलणं मला लागलं, पण माझं तत्त्व मला तेव्हाही बरोबर वाटत होतं. आजही, धंदा म्हणून, बरोबरच वाटतं.

वडखळच्या पुढं

नाक्यावर सगळे थांबतात तिथं आम्ही थांबलो नाही. पुढं जरा मोकळ्यावर एक आदिवासी वाडीवरची बाई वालाच्या शेंगांचे वाटे मांडून बसली होती. कोवळ्या नाहीत, भरलेल्या, मडक्यात भाजून पोपटी करतात त्या शेंगा. सुलभाचं माहेर खांबचं. थंडीत शेंग दिसली की तिची मान आपोआप वळते. गाडी थांबवली.

बाईनं भाव सांगितला. मी निम्मा सांगितला. ती काही बोलली नाही. मी थोडा वाढवला. तरी काही नाही. आमच्याकडं बाजारात बाई लगेच म्हणते, "दादा, बोहनी आहे, असं करू नका." मग आपण म्हणतो, मग ती म्हणते, आणि सौदा कुठंतरी मध्ये भेटतो. या बाईनं नुसतं फडकं उचललं आणि शेंगांवर पांघरलं.

"अगं, काहीतरी बोल ना!" मी म्हटलं.

"काय बोलू? तुला परवडत नाय, मला द्यायच्या नाय. जा की."

मी चिडून गाडीत जाऊन बसलो. सुलभा मागं राहिली, सांगितलेल्या भावानं दोन वाटे घेऊन आली. ती दार उघडून सहज आत बसली आणि खांबला सहज उतरलीही. मी म्हटलं, "रोह्याला ओढून काढावं लागलं होतं. बारीक झालीस वाटतं."

"मी तेवढीच आहे. गाडीच उभी राहिलीय," ती म्हणाली. "आधी मांडी घालून बसल्यासारखी होती, आता टाचांवर."

ही बोलली तेव्हा मी ऐकायला हवं होतं. पण मी मनात प्रधानांशी बोलत होतो.

खांब

हायवेवरून आत वळलं की सुलभाच्या माहेरची घरं लागतात. भात काढून झालेलं, त्याच ओलीवर वाल आणि पावटा उभा. नरेश अंगणात वाट बघत होता. गाडी दिसल्याबरोबर तो पुढं आला, तिच्याकडं बघितलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "भावोजी, ही गाडी घेऊनशान आलात? मला वाटलं मोठी गाडी आणाल."

"हीच न्यायचीय रोह्याला. परत करायला."

"परत? का?"

मी सगळं सांगितलं. त्याची बायको वैशाली पाणी घेऊन आली होती, ती तांब्या धरून तशीच उभी राहिली. नरेश म्हणाला, "भावोजी, एक काम करा. दोन दिस गाडी माझ्याकडं ठेवा. माझा एक दोस्त हाय कोलाडला, तो बघून सरळ करून देईल. कशाला तंटा?"

"रोह्याला जाईपर्यंत गाडीला कुणी बोट लावायचं नाही."

"नुसतं बघायला..."

"नरेश!"

तो काटक्या गोळा करायला निघून गेला.

संध्याकाळी शेतात पोपटी लावली. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालतात. त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला ठासून मडकं जमिनीवर पालथं घालतात. भोवती काटक्या आणि पेंढा रचून जाळ करतात. पाणी नाही, तेल नाही. त्या पाल्याचा वास कपड्यांना लागतो आणि गेला तरी चालेल असं वाटत नाही. माणसं जाळाभोवती उभी राहतात, एकमेकांची टवाळी करतात, आणि मडक्याला मात्र कुणी हात लावत नाही.

झालं की नाही हे कसं कळतं? नरेशनं मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला. चर्र झालं आणि थेंब उडून गेला. "झाली," तो म्हणाला.

"बघ," मी म्हटलं. "न उघडता कळतं की नाही?"

"मडकं हाय भावोजी," नरेश म्हणाला. "गाडी नाय."

सगळे हसले. तो हसला नाही.

जेवताना मी प्रधानांचा उद्धार करत होतो. शिकलेली माणसं चोरी कशी स्वच्छ हातानं करतात, त्यावर बोलत होतो. नरेश मध्येच म्हणाला, "माणूस बरा हाय हो तो. मी गाडी आणायला गेलो तर स्वतः उभा राहून पुसून दिली मला."

"आत काय घातलंय ते दिसू नये म्हणून पुसली."

त्यानं कोंबडीची तंगडी माझ्या पानावर ठेवली, मग दुसरीही ठेवली. मेहुण्यानं एवढा पाहुणचार कधी केला नव्हता. मी खूश झालो. सुलभा वैशालीबरोबर भांडी घासायला गेली ती बराच वेळ आली नाही, आणि आली तेव्हा पदरानं हात पुसत दूरच बसली.

सकाळी निघायच्या वेळी म्हणाली, "रोह्याला नको जाऊया."

"का?"

"उगाच. ठेवू गाडी तशीच. मी पट्टा बांधून बसेन कमरेला."

"तुमचं कोकणातलं हे असंच. कुणी लुबाडलं तरी म्हणायचं, जाऊ दे."

नरेशची फर्स्ट शिफ्ट होती. तो उजाडायच्या आत निघून गेला होता.

रोहा

कोलाडवरून रोह्याला वळलो. धाटावचा तो वास नाकात भरला, कंपन्यांचा. गावातल्या माणसाला तो जाणवत नाही. प्रधानांचं घर जुन्या भागात, पुढं थोडी बाग, जास्वंद, कुंपणापलीकडं शेजाऱ्यांचं अंगण. मी मुद्दाम हॉर्न दाबून धरला. कुंपणाशी माणसं आली. मला तेच हवं होतं.

प्रधान काठी घेऊन बाहेर आले. साठीच्या पुढचा, उंच, इस्त्रीचा सदरा. "या," म्हणाले. "वहिनी, आत या. चहा टाकतो."

"चहा नको," मी म्हटलं. "आधी हिचं सांगा. सौदा केला तेव्हाची ही गाडी आहे का?"

"म्हणजे?"

"दाबून बघा कोपरा."

त्यांनी बोनेटचा कोपरा दाबला. भुवया वर गेल्या. त्यांनी पुन्हा दाबला. मग दोन पावलं मागं सरून गाडीकडं बाजूनं बघत राहिले, आपलं माणूस खूप दिवसांनी आलं की बघतात तसं.

"काय, दिसलं ना?" मी आवाज चढवला. "भाव पाडला म्हणून आतला माल काढून घेतलात. मी टेम्पोच्या हौद्यातून वर आलोय साहेब, मला सॅम्पल आणि पेटी कळते. शरम वाटायला पाहिजे, या वयात!"

कुंपणाशी कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं.

प्रधानांनी ओसरीवरून एक पाट आणला, पुढच्या चाकाशी टाकला आणि गुडघा धरून कसेबसे त्यावर बसले. हात चाकाच्या वर, आत घातला. हात बराच वेळ तिथंच होता. बाहेर काढला तेव्हा बोटं काळी झाली होती. त्या बोटांकडं बघत त्यांनी विचारलं, "इथून नेल्यावर गाडी कुठं कामाला दिली होती?"

"बोल्टसुद्धा फिरवलेला नाही! पेणला मेकॅनिकला मी हात लावू दिला नाही, विचारा जाऊन. जशी नेली तशी आणलीय."

"नक्की?"

"माझा शब्द आहे."

त्यांनी एकदा सुलभाकडं बघितलं. ती जास्वंदीकडं बघत होती.

"मग ठीक आहे," प्रधान म्हणाले. भिंतीला धरून उठले, हात धुतले, आत गेले आणि चेकबुक घेऊन आले.

मी तयारीनं आलो होतो. सगळे पैसे मागायचे, वर मनस्तापाचे वेगळे, ते नाही म्हणतील, मग मी मनस्ताप सोडायचा, ते पुन्हा थोडं कापतील, मग मी शेजाऱ्यांना साक्षीला ओढायचं. सगळं रात्री मनात पाठ केलं होतं. त्यातलं एक वाक्यही लागलं नाही. मी दिलेला सगळा आकडा त्यांनी लिहिला, सही केली, चेक फुंकर मारून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "किल्ली."

मी किल्ली दिली.

"वहिनी, चहा राहिलाच," ते म्हणाले आणि आत गेले.

आयुष्यात इतका सोपा सौदा मी जिंकलेला नाही, आणि जिंकून इतका मोकळ्या हातानं कुणाच्या दारातून निघालेलो नाही.

अष्टमी

सुलभाची मावशी पुलापलीकडं अष्टमीला राहते. तिच्याकडं जेवलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. मावशी सुलभाला म्हणाली, "काय गो, जेवत का नायस? आजारी हायस काय?" सुलभा म्हणाली, कंबर दुखते. मावशीनं माझ्याकडं बघितलं, जणू कंबर मीच मोडली.

उन्हं कलल्यावर आम्ही स्टेशनला जायला रिक्षा शोधत पुलाच्या तोंडाशी उभे होतो. मी खुशीत असायला हवं होतं. नव्हतो. डोळ्यांसमोर ती काळी बोटं येत होती.

तेवढ्यात पुलावरून हिरवी गाडी आली. टप उघडा. प्रधान चालवत होते. पुलाच्या सांध्यावरून ती अशी आली की त्यांच्या डोक्यावरची टोपीही हलली नाही. दिवाळीच्या आधी मी चालवली होती ती हीच गाडी. पुन्हा रस्त्यावर पसरलेली.

आम्हाला बघून ते थांबले. बाजूच्या सीटवरचं वर्तमानपत्राचं पुडकं उचलून माझ्याकडं धरलं. "बरं झालं भेटलात. हे गाडीत राहिलं होतं. तुमचं आहे."

मी उघडलं. आत जाड, खाचा असलेले काळे रबर होते. असे रबर मी ओळखतो. आपल्याकडं गाडीचं पोट स्पीडब्रेकरला घासायला लागलं की लोक ॲक्सेसरीच्या दुकानात जाऊन स्प्रिंगच्या वेटोळ्यांत असे बफर ठोकून घेतात. गाडी उंच होते. आणि स्प्रिंगचं काम बंद होतं.

"सकाळी हाताला लागले होते?" मी विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही शब्द दिलात," प्रधान म्हणाले. "शब्दाच्या पुढं काय बोलायचं?"

माझं डोकं धंद्याचं. ते अशा वेळीसुद्धा चालतं. मी चेक खिशातून काढला. "हा घ्या. गाडी मला द्या. वर काय म्हणाल ते. पहिला सांगितलेला भाव देतो. पाडत नाही."

"नाही. आता विकायची नाही."

"गुडघा?"

"गुडघ्याला करतो तयार."

"साहेब, काहीतरी बोला तरी! आकडा सांगा!"

त्यांनी मान हलवली, सुलभाला नमस्कार केला आणि गिअर टाकला. पुढं स्पीडब्रेकर होता. त्यांनी गाडी तिरपी घेतली, आधी एक चाक, मग दुसरं, म्हैस पाण्यात उतरते तशी सावकाश. पोट जरासं घासल्याचा आवाज आला. तेवढंच.

मी तिथूनच नरेशला फोन लावला. त्याची शिफ्ट सुटली होती. मी म्हटलं, "रबर कुणी घातले?"

"भावोजी, त्या दिशी इथंच, खांबच्या स्पीडब्रेकरला पोट लागलं. मोठ्यानं लागलं. मी घाबरलो. तुम्ही काय म्हणाल..."

"मग?"

"पेणला एकाकडून घालून घेतले. परत लागू नये म्हणून. तुम्हाला कळवायची हिंमत नाय झाली."

"आणि काल? तंगड्या वाढत होतास तेव्हा?"

"काल सांगणारच होतो. तुम्ही त्या साहेबांना काय काय बोलत होता. मी म्हटलं, आता माझी पाळी..."

मी फोन ठेवला. सुलभा रस्त्याकडं बघत उभी होती, आणि तिच्या उभं राहण्यावरूनच मला कळलं.

"तुला ठाऊक होतं."

"काल संध्याकाळी. वैशालीनं सांगितलं."

"आणि सकाळी त्याच्या दारात उभी राहिलीस. मी एवढा बोललो त्या माणसाला. एक शब्द नाही काढलास!"

"भाऊ आहे तो माझा," ती म्हणाली. "तुम्ही त्याला असंच उभं करून बोलला असता. गावासमोर. प्रधान मोठे आहेत, ते सोसतील असं वाटलं."

"आणि मी?"

"तुम्हाला कोण काय सांगणार?"

रिक्षा आली. आम्ही बसलो.

घरी

मला अजूनही वाटतं की माझा हिशेब बरोबर होता. सौदा आणि ताबा यांच्या मध्ये गाडीत काहीतरी बदललं होतं, आणि ते मी दाबून ओळखलं होतं. माणूस तेवढा चुकला. पण चूक दाखवणारा एक शब्द मला कुणी दिला नाही, त्याचं काय? मेहुण्याला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला ठाऊक होतं, माझ्या बायकोला ठाऊक होतं, आणि सकाळी चाकाशी पाटावर बसलेल्या त्या माणसालाही ठाऊक झालं होतं. चौघांनी मिळून मला बोलू दिलं. वडखळच्या बाईनं शेंगांवर फडकं टाकलं तेव्हा निदान तोंडावर सांगितलं होतं, जा की.

प्रधानांना मी पत्र लिहिलं, फोन केले. पत्राला उत्तर आलं नाही. फोन उचलतात, तब्येत विचारतात, गाडीचं काढलं की म्हणतात, "छान चालतेय." नरेश आता मला घरी बोलावतो, मी जात नाही. या थंडीत पोपटीचा निरोप आला होता.

ते रबर मी पुडक्यासकट कपाटावर टाकले होते. फेकायची इच्छा होईना. एक दिवस बघितलं तर पुडकं नाही. सुलभानं ते वॉशिंग मशीनच्या पायांखाली घातले. ते मशीन कपडे पिळताना हादरत हादरत मोरीच्या दारापर्यंत यायचं. आता जागचं हलत नाही, आवाजसुद्धा येत नाही, असं ती म्हणते.

मी बघायला गेलेलो नाही.